देवीच्या वाटेवरचं टेकाड

आखाजी जवळ आली की आमच्या गावातली माणसं रस्त्याकडे बघायला लागतात. एरवी वर्षभर कुणी बघत नाही. मोबाईलकडे बघतात, आभाळाकडे बघतात, शेजाऱ्याच्या दारात कुणाची गाडी उभी आहे तिकडे बघतात. पण चैत्र सरत आला, कडुनिंबाचा मोहर पायाखाली यायला लागला की फाट्यापासून मरीमातेच्या देवळापर्यंतच्या त्या उतरत्या रस्त्यावरून चालताना प्रत्येकाची मान खाली जाते. कुणी पायाने खडा बाजूला सारतो. कुणी वाकून काँक्रीटमधली फट बघतो आणि सरपंचाच्या घराकडे तोंड करून काहीतरी पुटपुटतो. फाट्यावर माझं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे. दुकानाच्या ओट्यावर बसून मी हे दरवर्षी बघतो. मला हसू येतं, आणि थोडा रागही येतो.

खानदेशाबाहेरच्या माणसाला आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया एवढंच माहीत असतं. त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आमच्याकडे सोनं घेण्यापेक्षा लेक घरी येण्याला भाव आहे. अमळनेरच्या स्टँडवर उतरणाऱ्या बायांच्या हातात पिशव्या, काखेत पोरं आणि चेहऱ्यावर सासर मागे टाकल्याचं ऊन. निंबाच्या फांद्यांना झोके लागतात. दुपारी घराघरांतून खापरावरच्या पुरणपोळीचा वास येतो आणि आमरसाच्या पातेल्यांवर माश्या राज्य करतात. पूर्वजांच्या नावाने घागर भरली जाते. शेतावर वर्षाने ठेवलेल्या सालदाराचं साल याच दिवशी संपतं आणि याच दिवशी सुरू होतं, म्हणजे आमच्या गावाचं खरं आर्थिक वर्ष आखाजीपासूनच मोजावं. मार्चचं वर्ष सरकारचं.

आणि आखाजीच्या संध्याकाळी बारागाड्या.

बैल न जुंपता बारा बैलगाड्या एकीमागे एक दोरखंडाने बांधायच्या. त्यांत माणसं भरायची, इतकी की गाडी दिसू नये. मग अंगभर हळद लावलेला भगत पुढे उभा राहतो, कमरेला दोर, हातात निंबाचा डहाळा, आणि त्या सगळ्या गाड्या ओढत देवीच्या दारापर्यंत नेतो. त्याच्या दोन बाजूंना त्याला धरून दोघे पळतात, त्यांना बगले म्हणतात. ढोल वाजतो, गुलाल उडतो, गोडी शेव आणि जिलेबीच्या दुकानांवरची पालं धुळीने लाल होतात. एक माणूस बारा गाड्या ओढतो, हे बघायला आजूबाजूची दहा गावं लोटतात. रस्ता देवळाकडे उताराचा आहे, हे मला दिसतं. पण काही गोष्टी दिसल्या तरी बोलायच्या नसतात, एवढं मी बैलबाजारात शिकलो.

बैलबाजार हीच माझी शाळा. अमळनेरच्या बाजारात दलालांच्या मागे दोर धरून उभा राहणारा मी. भाव तोंडाने सांगायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायचा. वरून दोघे ऊन-पावसाच्या गप्पा मारतात, खाली बोटं हजारांत बोलतात. समोरच्याच्या बोटाला घाम आला की समजावं, याला बैल हवाच आहे. त्या घामावर मी पुढे दुकान उभं केलं. बाजाराचा एक नियम मला अजून पाठ आहे: जो आधी उठला, तो हरला. सौदा कितीही ताणा, उठू नका. हा नियम मी दुसऱ्यांना फार शिकवला. स्वतःला जमला नाही, कारण मला राग लवकर येतो, आणि राग आला की मी आधी उभा राहतो.

बैल आता राहिले कुठे? ट्रॅक्टर आले आणि गाड्यांची लाकडं चुलीत गेली. बारा लाकडी गाड्या एका गावात मिळत नाहीत. म्हणून आखाजीच्या आधी मी आजूबाजूच्या गावांत फिरतो आणि गाड्या जमवतो. जुन्या ओळखी कामाला येतात. गाडीवाला म्हणतो, "देवीनं काम शे, पैसा कसाले?" आणि दोन घोट चहा घेऊन हळूच म्हणतो, "फक्त चाकले नवी धाव बसाडी द्या." धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी; ती बसवून द्यायची. मग त्या गाड्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून आमच्या गावी आणायच्या. बैलगाडी ट्रॉलीत बसून चालली आहे, जू वर आणि चाकं आडवी, जशी सासूबाई जावयाच्या मोटारीत. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण हसतो. मीही हसतो. काय करणार?

हे सगळं लिहायला बसलो, कारण यंदाही गाड्या जमवून झाल्या आणि परत तो एक वैशाख आठवला. त्या वैशाखात आखाजी होते की नाही, अशी पाळी आली होती, आणि गावाने त्याचं सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडलं होतं.

सुरुवात काँक्रीटपासून झाली. त्याआधी फाट्यापासून देवळापर्यंत मुरमाचा रस्ता होता. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. वित्त आयोगाचा निधी आला, त्यात आमदार निधीची भर पडली आणि रस्ता झाला. मी तेव्हा पंचायतीत मेंबर होतो. ठेकेदाराला खडीपासून पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत मी धरला. सळई किती अंतरावर बांधतोस, ते उन्हात उभं राहून बघितलं. रस्ता झाला तेव्हा गावाला इतका आनंद, की संध्याकाळी लोक चपला हातात घेऊन त्याच्यावर चालून बघत होते. दुसऱ्या दिवशी बायांनी त्याच्यावर कुरडया वाळत घातल्या. मग पापड, मग मिरच्या. एका बाजूला लाल, एका बाजूला पांढरं, मधून मोटारसायकलला जायला एक पट्टी. इतका स्वच्छ रस्ता वाळवणाला मिळाला नव्हता कधी.

रस्त्याच्या तोंडाशी काळ्या दगडाचा फलक बसला. आमदार, सभापती, सरपंच सिंधूअक्का, उपसरपंच, चार मेंबर, आणि शेवटी "व इतर सदस्य." दगडावर जागा संपली म्हणे. सळई मोजणारा मी, आणि दगडावर मी "व इतर." सिंधूअक्काला मी विचारलं तर ती म्हणाली, "भाऊ, रस्ता तं शे ना?" आहे. रस्ता आहे. माझ्या दुकानासमोरूनच जातो, रोज दिसतो. फलकही रोज दिसतो.

पण काँक्रीटची एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. मुरूम चाक धरून ठेवायचा; काँक्रीट सोडून देतं. पहिल्याच आखाजीला बारागाड्या निघाल्या आणि मधल्या उतारावर त्या भगताच्या मागे चालायच्या सोडून भगताला ढकलायला लागल्या. लोखंडी धावांचा आवाज असा, की ढोल ऐकू येईना. दर वर्षी देवळापाशी तरुण पोरं चाकाखाली लाकडाची उटी सरकवून गाड्या थांबवतात. त्या वर्षी उट्या काकडीसारख्या उडाल्या. पहिली गाडी देवळाच्या ओट्यावर जाऊन आदळली. आमचे भगत नामदेवनाना दोन बोटांच्या फरकाने बाजूला झाले. उटी लावणाऱ्या एका तरुणाचा पंजा चाकाखाली आला. तो दोन महिने घरी बसला. गावाने निष्कर्ष काढला की कुणाचा तरी नवस फेडायचा राहिला असेल. मी म्हणालो, काँक्रीट गुळगुळीत आहे. तर एक जण म्हणाला, "मंग काय देवीना रस्ता खराब करी टाकू?"

दिवाळीनंतर दुसरं घडलं. याच उतारावर, देवळाच्या अलीकडे, जिल्हा परिषदेची शाळा आहे. एका मोटारसायकलवर तिघं, पुढच्याचं लक्ष मागच्याच्या बोलण्यात. शाळा सुटलेली. नामदेवनानांची नात रस्ता ओलांडत होती. तिचा पाय मांडीत मोडला. धुळ्याला नेली, प्लास्टर लागलं. आता ती दोरीवरच्या उड्या मारते, पण तेव्हा नाना महिनाभर माझ्या दुकानासमोरून जाताना "राम राम" म्हणायचे विसरत होते.

मग गाव पेटलं. गतिरोधक पाहिजे! ग्रामसेवकाने सांगितलं, प्रस्ताव पाठवू, मंजुरी येईल, मग निधी येईल. मला एवढं येईल-येईल ऐकवत नाही. त्याच आठवड्यात देवपूरचा एक ठेकेदार शेजारच्या गल्लीत गटार बांधत होता. शेवटच्या दिवशी मी त्याला दुकानात बसवलं, उसाचा रस पाजला. तो खूश. मी म्हणालो, "मिक्सरमध्ये माल उरला आहे. कुठे टाकणार?"

"बघू, टाकू कुठेतरी."

"कुठेतरी टाकला तर मी फोटो काढीन. सांगतो तिथे टाकला तर अजून एक ग्लास रस."

तो हसायला लागला. संध्याकाळच्या आत शाळेसमोर गतिरोधक उभा राहिला. पंचायतीच्या पैशाला हात नाही, प्रस्ताव नाही, मंजुरी नाही. उंची जरा जास्त झाली. फुकटच्या मालाला माप कोण लावतो? पांढरे पट्टे मी दुकानातल्या रंगाने मारले.

मला वाटलं, आता तरी लोक नाव घेतील. घेतलं. दूधवाला नाव घ्यायचा, कारण त्याच्या कॅनमधलं दूध हिंदकळायचं. सायकलवरची पोरं नाव घ्यायची. एका म्हाताऱ्याने तर दुकानासमोर रिक्षा थांबवून सांगितलं, "मन्ही कंबर गयी ना भो तुन्हा टेकाडमुळे!" झालं, गावात गतिरोधकाचं नाव टेकाड पडलं. "बन्सीभाऊनं टेकाड." एवढं मोठं नाव गावात फक्त देवीचं होतं.

पण गाड्या हळू जायला लागल्या, हे मी ओट्यावरून रोज बघत होतो. शिव्या देत का होईना, हळू. नानांची नात काठी टेकत त्याच्यावर येऊन बसायची.

आणि मग तो वैशाख आला. वर्षभर कुणी न बघितलेल्या रस्त्याकडे गाव बघायला लागलं, आणि सगळ्यांना एकदम दिसलं: बारागाड्यांच्या वाटेत टेकाड आहे.

नामदेवनाना भर दुपारी दुकानात आले. डोक्यावर ओलं उपरणं, हातात एक दोरी. त्या दोरीने त्यांनी टेकाडाची उंची मोजून आणली होती. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, नुसता तांब्या हातात धरून बसले.

"बन्सी, हाई टेकाड काढनं पडी."

"नाना, टेकाड नही शे ते. तुम्हनी नातना पाय शे."

नानांनी तांब्या मांडीवर टेकवला. मग म्हणाले, "माहीत शे माले. नातना पाय वाची, तं मन्हा मान कोठे ठेवू? वाटमा गाड्या अडक्यात तं लोके म्हनतीन, नामदेवमा आते ताकद नही राह्यनी. मन्हा बाप भगत, मन्हा आजा भगत. मन्हा हातवर गाड्या अडकू देऊ?"

बाजारात असतो तर बोटांनी काहीतरी सांगितलं असतं. पण नानांची बोटं तांब्याभोवती होती, आणि मला ती धरवली नसती. मी एवढंच म्हणालो, की एकदा टेकाड फोडलं तर ते परत होणार नाही. फोडायला सगळं गाव येईल, बांधायला मीच. सार्वजनिक वस्तूचं असंच असतं. वाचनालयाची कपाटं यात्रेत मंडप टेकवायला नेली, ती परत आली नाहीत. हातपंपाचा दांडा एका लग्नात गेला. नानाही हे जाणत होते. म्हणून तर ते पाणी पीत नव्हते.

ग्रामसभा बोलावली. पंचायतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये वैशाखाची दुपार, पंखा वाऱ्याऐवजी नुसती गरमी इकडची तिकडे करत होता. सगळ्यांची बोटं माझ्याकडे. एक जण म्हणाला, "बन्सीभाऊ, तू काय रस्ता इकत लिधा शे का?"

"इकत लिधा नही, पन टेकाड फुकटमा बनाडी लिधं! तुन्हा बापना खिसामाथीन एक रुपया गया का?"

"बाप काढू नको हां!"

"मंग टेकाड बी काढू नको!"

हशा झाला. पण मी उभा राहिलो होतो. आधी उठलो होतो. बाजाराचा नियम मला उभा राहिल्यावर आठवला, आणि मग बसायला लाज वाटली. कुणी म्हणालं, आखाजीच्या आदल्या दिवशी ब्रेकर मशीन आणून फोडून टाकू, बन्सीभाऊ काय करतो बघू. मी म्हणालो, मी टेकाडावर खाट टाकून बसेन. कुणी म्हणालं, खाटेसकट ओढू, तेरावी गाडी! आणखी हशा. मीही हसलो असतो, पण तेव्हा माझं तोंड रागाने वाकडं झालं होतं.

सिंधूअक्का सगळा वेळ पदराने वारा घेत ऐकत होती. ती सरपंच झाली ती राखीव जागेवर, आणि पहिले सहा महिने लोकांना वाटलं, कारभार नवरा बघेल. नवरा शेतच बघायचा, तेही अक्का सांगेल तसं. ती उभी राहिली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली:

"सासरा दारमा उना तं आपुन घर पाडतस का? पदर लेतस. एक दिननी गोष्ट शे. झाकी द्या त्याले."

पुढच्या रांगेतले दोघे मागे वळून टेकाडाच्या दिशेने बघायला लागले.

मग तिने समजावून सांगितलं. मुरूम आणायचा. टेकाडाच्या दोन्ही बाजूंना पसरून चढ-उतार इतका हलका करायचा, की गाडीला टेकाड लागू नये. आखाजी झाली की मुरूम उचलायचा. टेकाड जिथलं तिथे. गाड्या जातील, नानांचा मान राहील, शाळेसमोरचं काम मोडणार नाही.

सगळे म्हणाले, बरोबर. दोन मिनिटांपूर्वी हेच लोक मशीन आणणार होते. मला विचाराल तर मी तोडगा काढणारच होतो, फक्त आधी भांडण पूर्ण करायचं होतं. पण मुरूम आणायचं काम कुणाला? मलाच. खदानवाल्याने भाव सांगितला. मी त्याला विचारलं, पावसाळ्यात तुझी मोटर जळाली तर तू कुणाकडे येतोस? मुरूम आला. आणि ठरल्यापेक्षा चार ट्रॉल्या जास्त आल्या, कारण तेवढ्या कबूल केल्याशिवाय मी त्याला दुकानातून उठूच दिलं नाही.

आखाजीच्या सकाळपासून आम्ही मुरूम पसरत होतो. वरून पाणी मारायला टँकर ठरला होता, पण तो आलाच नाही. यात्रेत पाणी पुरवायला गेला. म्हणून मुरूम भुसभुशीत राहिला. मला त्याचीच काळजी होती. नाना साठी ओलांडलेले. पाय रुतला, घसरले, तर मागे बारा गाड्या, त्यांत शे-सव्वाशे माणसं. नानांना काही झालं असतं तर गावाने मला जन्मभर सोडलं नसतं, आणि मी स्वतःला तरी कुठे सोडलं असतं? माझ्या बायकोने दुपारी ताटात आमरस वाढला, मी तसाच उठलो. ती म्हणाली, "देवीवर भार टाक." मी म्हणालो, "भार गाड्यांचा आहे."

संध्याकाळी ऊन उतरलं. मी टेकाडापाशी उभा राहिलो. वर फाट्यावर ढोल सुरू झाले. नानांनी गाड्यांभोवती फेऱ्या घातल्या, दोर कमरेला लागला, आणि एक आरोळी उठली. गाड्या निघाल्या. आधी हळू. मग काँक्रीटने त्यांना सोडलं. धावांचा तो कर्कश आवाज, ठिणग्या, गाड्यांवर लोंबकळणारी माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे पिवळेधमक नाना, दोन्ही बाजूंना बगले. पायातलं बळ दिसत होतं आणि मागचा भारही दिसत होता. गेल्या वर्षीसारखंच होणार, हे मला कळलं. मी ओरडलो असेन. मला आठवत नाही, पण दोन दिवस माझा घसा बसलेला होता.

नाना मुरमावर आले. पाय रुतला, पण घसरला नाही. पहिली गाडी मुरमावर चढली.

आणि आवाज बदलला.

तो कर्कश लोखंडी आवाज एकदम बसला. त्याच्या जागी जुना, जाड, दबका आवाज आला, लहानपणी आम्ही झाडावर बसून ऐकायचो तो. चाकं मुरमात दबत होती. दुसरी गाडी चढली, तिसरी चढली. प्रत्येक गाडी मुरमात शिरताना मागच्या साऱ्या रांगेचा वेग थोडा थोडा खात होती. आठवी गाडी मुरमावर आली तेव्हा नाना धावत नव्हते. चालत होते. दोर ताणलेला, मान ताठ, जसा एखादा माणूस शेतावरून घरी येतो तसे ते देवळाकडे चालत गेले. उट्या घेऊन उभी असलेली पोरं नुसती बघत राहिली. ओट्यापासून हातभर अंतरावर गाड्या आपोआप थांबल्या. नानांनी पायरीला हात लावला.

मग असा गुलाल उडाला, की शेजारचा माणूस दिसेना. कुणाच्या बोटाला चीरही पडली नव्हती. जिलेबीवाल्याने पहिला घाणा फुकट वाटला. नाना ओट्यावर बसून घटाघट पाणी प्यायले. तांब्या मीच दिला. पाणी पिऊन त्यांनी हळदीचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. तो शर्ट अजून पिवळा आहे. बायको म्हणते टाकून द्या.

एवढ्यावर कुणीही समाधानी झाला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन मुरूम उचलायला गेलो, तर तिथे बाया जमलेल्या. मुरमावर हळद, कुंकू, उदबत्त्या. एकेक जण चिमूटभर मुरूम पदराच्या गाठीत बांधत होती. माहेरवाशिणी सासरी न्यायला प्लास्टिकच्या पिशव्याच घेऊन आल्या होत्या. देवीने स्वतः गाड्या धरल्या म्हणे. इथेच, याच जागेवर.

माझं डोकं फिरलं. "आरे, देवी नही, मुरूम शे तो! खदानना मुरूम!"

एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "मुरूम कोनी लयना?"

"मी लयना!"

"मंग तुले बुद्धी कोनी दिधी?"

खरं उत्तर द्यायचं तर सिंधूअक्काचं नाव घ्यावं लागलं असतं. मी ट्रॉलीतलं फावडं काढलं. पण आतून उकळत होतो. ठेकेदाराला धरला मी, मालाला जागा दिली मी, शिव्या खाल्ल्या मी, मुरूम आणला मी, आणि नाव देवीचं. तेवढ्यात सिंधूअक्का आली. हातात पूजेचं ताट. तिने ट्रॅक्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बायांना म्हणाली, हात चालवा, मुरूम न्यायचा तेवढा न्या, बाकीचा भाऊ उचलतील. अर्ध्या तासात टेकाड उघडं पडलं. मी मारलेले पांढरे पट्टे मुरमाने लाल झाले होते. अक्का वाकली आणि तिने टेकाडाला, सिमेंटच्या त्या उघड्या टेकाडाला, बोटभर कुंकू लावलं.

"अक्का, तू बी?"

ती माझ्याजवळ आली आणि बायांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, तुम्हनं नाव लागनं तं पुढला मेंबर येईसन फोडी टाकी. देवीनं नाव लागनं तं कोन हात लायी?"

एवढं बोलून ती ताट घेऊन पुढे गेली. मी ट्रॅक्टरला टेकून उभा राहिलो. आयुष्यभर बाजारात बसलो, पण रुमाल न टाकता इतक्या स्वस्तात इतका पक्का सौदा करताना मी कुणाला बघितलं नव्हतं. आणि त्यात माझा भाव धरलाच नव्हता.

यात्रा उठत होती. पालं उतरवली जात होती, बांबू ट्रकमध्ये फेकले जात होते. एका नारळवाल्याकडे शेवटचे पाच-सहा नारळ उरले होते. मी किंमत विचारली. त्याने चाळीस सांगितले. मी वीस म्हणालो.

"देवीच्या नारळात घासाघीस करता, भाऊ?"

"देवीचे नारळ काल संपले. हा शाळेसाठी आहे."

तो हसला आणि त्याने पंचवीसला दिला. मी तो टेकाडाच्या कडेवर आपटला. एका घावात दोन वाट्या झाल्या, पाणी काँक्रीटवर सांडलं आणि बघता बघता सुकलं. नानांची नात पहिली धावत आली, मग बाकीची पोरं. मी चाकूने खोबरं काढून वाटत बसलो. शाळेला सुटी होती, ऊन चढत होतं.

तेवढ्यात फाट्याकडून एक मोटारसायकल आली. तिघं बसलेले. उताराला लागल्यावर वेग वाढवलेला. टेकाडावरचं कुंकू दिसताच पुढच्याने ब्रेक दाबला, एक हात छातीला लावला, टेकाडावरून अगदी अलगद गाडी नेली. मागच्याने जाता जाता हात पुढे केला. मी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तिघांपैकी एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पण पोरांच्या बाजूने ते पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने गेले.